यात्रेचं मटण तोडताना हात कसा सांभाळावा, आणि कापलाच तर काय करावं

बेळगाव-खानापूर भागात गावची लक्ष्मी यात्रा असली की खाटकाला बारीक तुकडे करून द्यायला सवड नसते. वाट्याचा अख्खा फरा नाहीतर मांडी घरी येते, पै-पाहुणे दारात असतात आणि एरवी कांद्यापलीकडे काही न चिरलेला माणूस सत्तूर घेऊन बसतो. धुळवडीला आणि बकरी ईदला तेच. अशा दिवशी सहसा कापतो तो डावा हात, म्हणजे मटण धरलेला. त्यामुळे सुरी कशी धरावी यापेक्षा दुसरा हात कुठे ठेवावा, हेच आधी शिकायला हवं. डावखुऱ्यांनी हे सगळं उलट समजावं.

तयारीत नवीन काही नाही. सुरीला धार, सत्तूरचा दांडा घट्ट, ठोकळ्याखाली ओलं पोतं, डोक्यावर भरपूर उजेड. अंगठी आणि घड्याळ आधीच काढा. शेजारी कढत पाणी आणि कोरडा पंचा ठेवा, कारण बोकडाची चरबी गार पाण्यानं निघत नाही. ती सुरीच्या मुठीवर थिजते आणि मूठ निसटते. पाच-सात तुकडे झाले की मूठ धुऊन कोरडी पुसायची. दारू घेतलेल्याच्या हातात सत्तूर द्यायचा नाही, मग तो घरातला कितीही थोर असो.

सांधा सोडवणं

सगळ्यात जास्त हात इथेच कापतात. बहुतेक जण मांडी डाव्या हातात उचलून धरतात आणि सुरीचं टोक सांध्यात खुपसून पिळतात. टोक हाडावरून सटकतं आणि थेट डाव्या तळव्यात, नाहीतर अंगठ्याच्या मुळाशी घुसतं. तिथून बोटं वाकवणाऱ्या शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायूंच्या पांढऱ्या दोऱ्या) आणि बोटांची जाणीव नेणाऱ्या नसा जातात. बाहेरून अर्ध्या इंचाची खूण दिसते आणि आत बोट कायमचं निकामी होण्याएवढी इजा झालेली असते. म्हणून मांडी हातात धरून सांधा सोडवायचा नाही. कितीही घाई असली तरी नाही.

मांडी ठोकळ्यावर आडवी ठेवा. खालचा पाय धरून सांधा दोन-तीनदा हलवा आणि अंगठ्यानं चाचपा. दोन हाडं जिथे एकमेकांवर फिरतात तिथे खाच लागते. आता सुरी हातात घ्या. पाच-सहा इंचांची, न वाकणाऱ्या पात्याची सुरी हवी. भाजीची लवचिक सुरी इथे धोक्याची. आधी सांध्याभोवतीची पांढरी शीर वरवर कापून घ्या. मग पाय उलटा दाबा, सांधा स्वतःच तोंड उघडतो. त्या फटीत पातं घालून पुढे, अंगापासून लांब ओढा. डावा हात कायम पात्याच्या मागे.

जोर लावावा लागत असेल तर सुरी हाडावर आहे, फटीत नाही. थांबा, बाहेर काढा, थोडी सरकवून पुन्हा घाला. ‘जरा जोर लाव, निघेल’ हा बघ्यांचा सल्ला ऐकू नका. अडलेली सुरी सुटते तेव्हा ती कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसतं. खुब्याच्या सांध्यात हाडाच्या गोळ्याला आतून धरणारा एक बंध असतो. तो कापला की मांडी सुटते, तिथे पिळापिळीची गरजच नाही.

सत्तूर आणि विळी

नळी तोडताना डावा हात घाव पडतो त्या रेषेपासून किमान वीतभर लांब. तुकडा तेवढा लांब नसेल तर तो धरायचाच नाही: सत्तूर हाडावर टेकवा आणि पाठीवर लाकडी दांडक्यानं ठोका. घाव तिरका पडला की हाडाच्या कपच्या उडतात, त्यामुळे पोरांना लांब बसवा. विळीवर फक्त बिनहाडाचं मटण. चिवट पडदा एकदम तुटला की बोटं पात्यावर जातात, म्हणून पडदे आधी सुरीनं काढा. जाळीचा हातमोजा जरूर घाला, पण तो पात्याची घसर अडवतो. सुरीचं टोक किंवा सत्तूरचा घाव नाही.

कापलंच तर

सुरी बाजूला ठेवा आणि स्वच्छ सुती कापड जखमेवर घट्ट दाबा. हात छातीच्या वर. घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये एकदाही उचलून न बघता. बघितलं की धरलेली गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा सुरू. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवून दाबा. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबर बांधू नका. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर जास्त वेळ दाबावं लागतं.

रक्त थांबलं की वाहत्या नळाखाली पाच मिनिटं साबणानं धुवा. हळद, कॉफी पावडर, चुना, तंबाखू, यातलं काहीही भरू नका. हळद भरलेली जखम डॉक्टरला टाके घालण्याआधी खरवडून साफ करावी लागते, आणि जखम किती खोल आहे तेही तोवर दिसत नाही. स्पिरिट किंवा निव्वळ डेटॉल ओतल्यानं धडधाकट मांसही भाजतं.

मग बोट तपासा. पेराचं टोक एकटं वाकतं का आणि सरळ होतं का? टोकाच्या दोन्ही कडांना कापसाचा स्पर्श सारखा कळतो का? जोर लावून वाकवताना जखमेत कळ येते का? शेवटची खूण लोक सोडून देतात. अर्धवट कापलेली शीर बोट हलवते आणि काही दिवसांनी तुटते. पहिल्या दोन्हींतलं एकही जमत नसलं, अशी कळ आली, जखमेचे काठ मिटत नसले, आत पांढरी दोरी दिसली, रक्त चिळकांडीनं आलं किंवा टोक तळव्यात घुसलं असेल, तर जेवणं तशीच ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा, होता होईल तो सहा तासांच्या आत. कणकुंबी-जांबोटीकडून बेळगावला पोचायला वेळ लागतो आणि यात्रेच्या गर्दीत रस्ते तुंबतात, तेव्हा निघायला उशीर नको. जखम मोठी असेल तर १०८ ला फोन करा.

बोटाचा तुकडाच पडला तर तो पाण्यानं हलका धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. तुकड्याला थेट बर्फ लावायचा नाही, दुधातही घालायचा नाही. यात्रेत बर्फ सरबताच्या गाड्यावर मिळतो. निघण्याआधी फोन करून बोट जोडणारा सर्जन आहे का हे विचारा. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं.

साध्या चिरेला काठ जुळवून पट्टी पुरे. पहिला दिवस ती कोरडी ठेवा आणि त्या हातानं कच्चं मटण धरू नका. कच्च्या मटणाची जखम ही घाण लागलेली जखम धरतात. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचं किंवा त्याआधीचं असेल तर नवीन घ्या. हाडाची कपची टोचली तर ती वर दिसत असेल तरच चिमट्यानं काढा, सुईनं खोदत बसू नका. एक-दोन दिवसांत बोट ठणकायला लागलं, लाल रेघ हातावर चढली, किंवा अख्खं बोट सुजून वाकलेलंच राहिलं आणि सरळ करताना जीव जायला लागला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच जा. मधुमेह असणाऱ्यांनी नुसत्या सुजेवरही जावं. हाताचे टाके साधारण आठ-दहा दिवसांनी काढतात, सांध्यावरचे त्याहून उशिरा. तोवर सत्तूर दुसऱ्याकडे द्या.