स्ट्रूप प्रयोगात आकडे बिघडतात ते कुठे? या चुका टाळा

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत स्ट्रूपचा प्रयोग सोपा मानला जातो: दोन तक्ते, एक स्टॉपवॉच. ‘अ’ तक्त्यावर नुसते रंग, ‘ब’ तक्त्यावर विसंगत शब्द, म्हणजे ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत; दोन्हींत शाईचा रंग सांगायचा. ‘ब’मध्ये शब्दाचा अर्थ आड येतो आणि जास्त वेळ लागतो. तरीही निकाल बरेचदा भलताच येतो आणि दोष प्रयुक्ताच्या (ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या) माथी मारला जातो. खरा दोष बहुधा तक्त्यात किंवा क्रमात असतो.

सर्वांत मोठी चूक तुलनेची. काळ्या शाईतले शब्द वाचायला लागलेला वेळ एकीकडे आणि विसंगत शब्दांच्या शाईचा रंग सांगायला लागलेला वेळ दुसरीकडे मांडून मधल्या फरकाला ‘स्ट्रूप परिणाम’ म्हणतात. पण रंगाचं नाव सांगण्यापेक्षा शब्द वाचणं मुळातच जलद होतं; मानसशास्त्रज्ञ जेम्स कॅटेल यांनी हे १८८६ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणजे तुमच्या फरकात दोन गोष्टींची सरमिसळ झाली: वाचनाचा मुळातला वेग आणि शब्दाचा अडथळा. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये तुलना केली ती रंगीत चौकोनांशी: १०० चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद, १०० विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३ सेकंद. दोन्हीकडे काम एकच, रंग सांगण्याचं. तेव्हा ‘अ’ तक्त्यावर चौकोनच हवेत.

तक्ता करताना लाल, निळा, हिरवा आणि काळा हे चार रंग घ्या. पिवळा पांढऱ्या कागदावर फिका पडतो आणि वेळ उगाच वाढतो. प्रत्येक रंग १० वेळा, एकूण ४० नोंदी. एकच रंग लागोपाठ येऊ देऊ नका. आणखी एक बारीक गोष्ट सहज सुटते. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत आहे आणि लगेच पुढची नोंद लाल शाईत आहे, असं झालं तर जे उत्तर आत्ताच दाबून ठेवलं तेच द्यावं लागतं आणि तिथे जास्त वेळ जातो. अशा जोड्या टाळा.

भाषेकडेही बघा. इंग्रजी माध्यमात शिकलेला प्रयुक्त देवनागरी अडखळत वाचत असेल, तर शब्दाचा अडथळा कमी होतो आणि फरक आक्रसतो. तो ज्या लिपीत सहज वाचतो, त्या लिपीत तक्ता द्या. लाल-हिरव्यात गोंधळ होतो का, हे चार ठिपके दाखवून आधीच तपासा.

सगळ्यांना आधी ‘अ’ आणि मग ‘ब’ दिला तर ‘ब’पर्यंत हात बसलेला असतो, किंवा कंटाळा आलेला असतो. फरक त्यामुळे घटला की वाढला, हे नंतर कुठल्याही गणिताने सांगता येत नाही. २० प्रयुक्त असतील तर १० जणांना अ-ब, १० जणांना ब-अ. एकच प्रयुक्त असेल तर अ-ब-ब-अ, आणि प्रत्येक तक्त्याच्या दोन वेळांची सरासरी. त्याआधी वेगळ्या १० नोंदींचा सराव द्या.

सूचना लिहून ठेवा आणि सर्वांना तीच वाचून दाखवा: “शब्द वाचू नका, शाईचा रंग सांगा, शक्य तितक्या लवकर, पण न चुकता.” तक्ता उलटताच घड्याळ सुरू, शेवटचा रंग उच्चारताच बंद. चुका आणि स्वतः सुधारलेली उत्तरं वेगळ्या रकान्यांत नोंदवा. नुसता वेळ पाहिला तर घाईत दहा चुका करणारा सर्वांत हुशार ठरतो.

अहवालात अभ्युपगम (निकाल काय येईल याचा अंदाज) प्रयोगाआधीच लिहा. त्याच व्यक्तींची दोनदा मोजणी असल्याने स्वतंत्र गटांची टी-चाचणी (सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का हे पाहणारी) चालत नाही, जोडीची लागते, स्वातंत्र्यमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) n−१, इथे n म्हणजे प्रयुक्तांची संख्या. २० जणांना १९.

फरक आलाच नाही, तर प्रयुक्ताला विचारा. पुष्कळदा तो डोळे बारीक करून अक्षरं धूसर करत असतो, किंवा शब्दाच्या एका टोकाकडेच बघत असतो. हे अंतर्निरीक्षणात्मक वृत्तांतात (प्रयुक्ताने स्वतःच्या अनुभवाचं केलेल्या वर्णनात) जसंच्या तसं उतरवा आणि त्याचे आकडे गाळू नका.