स्ट्रॅटेजी सेक्शन गळ्यात पडलं असेल तर आधी हे पाहा

आपल्या वाणिज्य-व्यवस्थापनवाल्यांच्या परिषदेत स्ट्रॅटेजीचं, म्हणजे धंद्याच्या डावपेचांवरच्या शोधनिबंधांचं, सेक्शन यंदा ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी लिहून ठेवतो. हॉल, माईक, चहा, हारतुरे हे कोणाला सांगावं लागत नाही, बॅनर तर पहिला पेपर येण्याच्या आधीच छापून तयार असते. तुमचं पहिलं काम रिव्ह्यूअर, म्हणजे आलेला पेपर वाचून घ्यायचा की नाही ते सांगणारे. पेपर मागवायची सूचना नंतर, आधी रिव्ह्यूअर. मागच्या खेपेला मी सूचना आधी काढली, पेपर धडाधड आले, आणि ज्यांना मनात धरलं होतं ते सगळे विद्यापीठाच्या कॅप सेंटरवर उत्तरपत्रिका तपासत बसलेले. फोन केला की "सर, झालंच समजा" म्हणून राहिले, अन् उद्घाटनाच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणता पेपर घ्यायचा कोणता नाही याचा पत्ता नाही. शेवटी सगळेच घेतले. मग काय, पोरापोरींची पहिली स्लाइड उघडेपर्यंत वेळ संपून राहिला होता.

तर होकार लेखी घ्या. "हो हो, पाठवून द्या ना" हा होकार नव्हे राजेहो. व्हॉट्सॲपवर का होईना, त्यांच्याकडून लिहून घ्या की कोणत्या विषयाचे पेपर पाहणार, किती पाहणार, कोणत्या तारखेपर्यंत देणार. एका पेपरला दोन जण आणि वरून काही राखीव. राखीव माणसाला तो राखीव आहे हे माहीत पाहिजे, नाहीतर ऐनवेळी तो लग्नाला अकोल्याला निघालेला असतो.

रिव्ह्यूअर मिळत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत ॲकॅडमी ऑफ मॅनेजमेंट म्हणून 1936 सालची संस्था आहे, तिच्यात स्ट्रॅटेजीवाल्यांचा वेगळा विभागच आहे. तिथे पेपर देणाऱ्यांनाच सांगतात की बाबा तू दुसऱ्याचेही पेपर पाहायला नाव नोंदव. ऑगस्टच्या सुमारास होणाऱ्या अधिवेशनाचे पेपर घेणं जानेवारीतच बंद होते, मधले महिने तपासणीला आणि कार्यक्रम लावायला मोकळे. आपण शेवटची तारीख वाढवत वाढवत कार्यक्रमाच्या आठवड्यापर्यंत आणतो. दुसरं म्हणजे तिथे विभागात निवडून आलेला माणूस पाच वर्षांच्या शिडीवर चढतो, आधी कार्यशाळा सांभाळतो, मग मुख्य कार्यक्रम, मग होणारा अध्यक्ष, मग अध्यक्ष, मग मावळता अध्यक्ष. म्हणजे पेपर वाटून राहिलेल्या माणसाच्या शेजारी ते काम आधी केलेला माणूस बसलेला असते. आपल्याकडे सर्वसाधारण सभेत मागून कोणीतरी नाव सुचवते, टाळ्या पडतात, अन् दुसऱ्या दिवसापासून आधीचे सर फोन उचलत नाहीत. म्हणून उचलेपर्यंत करा आणि जुनी रिव्ह्यूअर यादी मागून घ्या, मिळाली तर मिळाली.

सूचनेत विषयाची हद्द नीट लिहा, यात आळस नको. नुसतं "स्ट्रॅटेजी आणि संबंधित विषय" लिहिलं की तालुक्यातल्या बँकेच्या ग्राहकांचं समाधान, किराणा दुकानदार आणि जीएसटी, असं सगळं येऊन पडते, आणि प्रत्येकाला शेवटी एक स्वॉटचा (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) चौकोन. साधं लिहा: धंदा कुठे उतरला, कुठे नाही उतरला, आणि काहून, हे ज्या पेपरात आहे तो आपला. आपल्या भागात विषयांचा दुष्काळ नाही हो. जिनिंगवाला रुई-सरकी वेगळी करून सरकी विकून टाकते की स्वतःचीच तेलाची मिल टाकते, हाच अख्खा पेपर आहे. 1972 पासूनची कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा ही योजना, गेल्यावर खाजगी जिनिंगवाल्यांनी काय डाव टाकले, यावर कोणी धड लिहा म्हणा. शेतकरी उत्पादक कंपन्या तर गावोगावी निघाल्या, त्यातल्या काही फक्त बियाणं-खताच्या दुकानावर थांबल्या आणि काही डाळ मिलपर्यंत गेल्या, हा फरक कशामुळे पडला? असे नमुने सूचनेतच दिले की पेपर सुधारतात, आणि रिव्ह्यूअरलाही कळते की आपल्याला काय तपासायचं आहे. रिव्ह्यूअर म्हटलं की परत सांगतो, सूचना काढताना ती यादी तुमच्या हातात तयार पाहिजे. तयार होऊन राहिली आहे असं नको.

रिव्ह्यूअरकडे लेखकांची नावं झाकून पेपर पाठवायचे तर नुसतं पहिलं पान काढून भागत नाही. वर्डच्या फाइलच्या माहितीत ऑथरचं नाव तसंच राहते, राइट क्लिक करून पाहा, बरेचदा तिथे सायबर कॅफेवाल्याचंही नाव सापडते. आत "आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या" असं वाक्य असलं की झालंच, कॉलेज कळलं म्हणजे माणूस कळला. गाईडकडे त्याच्याच विद्यार्थ्याचा पेपर जाऊ देऊ नका, आणि एका माणसाचं नाव किती पेपरांवर चालेल ते आधीच जाहीर करा. ॲकॅडमीत तीनची मर्यादा आहे. आपल्याकडे एकेक गाईड साहेब निम्म्या कार्यक्रमात असतात. बोलायला गेलं की राग येते, म्हणून नियम सूचनेत छापा, म्हणजे तोंडी वाद नाही.

तारीख पोळ्याच्या आसपास नको, मे महिन्यात तर नावच काढू नका, आणि हिवाळी-उन्हाळी दोन्ही परीक्षांच्या मूल्यांकनाचं वेळापत्रक पाहूनच ठरवा. काहून ते वर सांगितलंच आहे, तुमचे रिव्ह्यूअर तिथेच अडकतात.

पैसे संस्थेच्या खात्यातच. स्वतःच्या फोनपेवर फी घेऊ नका, दोनशे रुपयासाठीही नको, नंतर कोणत्या "राहुल" ने कशाचे टाकले हे शोधत रात्र जाते.

बीजभाषणाच्या पाहुण्याला पुण्या-मुंबईहून बोलावत असाल तर तिकिटाच्या आधी स्टेशन ठरवा. यवतमाळकडे यायला धामणगाव जवळ, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, मग बडनेऱ्याला उतरवून गाडी पाठवा. ड्रायव्हरला पाहुण्यांचा नंबर द्या आणि पाहुण्यांना ड्रायव्हरचा, दोन्ही.

लाइट जाते, जनरेटर सांगून ठेवा. त्यात डिझेल आहे का ते स्वतः पाहा.

सत्राध्यक्षांना पेपर आदल्या दिवशी द्या, वाचून येतीलच असं नाही. घंटी वाजवायला एखादा निगरगट्ट पोरगा बसवा, प्राध्यापक मंडळी एकमेकांना थांबवत नाहीत.

सर्टिफिकेटवर नाव छापायच्या आधी एकदा ज्याचं त्याला पाठवून तपासून घ्या. प्रोसीडिंगला, म्हणजे पेपरांच्या छापील पुस्तकाला, आयएसबीएन नंबर आहे का, केअरमध्ये, म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीत, येते का, हे फोन येतच राहतील. यूजीसीने केअर यादी 2025 च्या फेब्रुवारीत बंद केली, एवढं एक वाक्य कॉपी करून ठेवा आणि चिकटवत जा.

हिशोब पावत्यांसकट 31 मार्चच्या आत खजिनदाराकडे. पुढच्या माणसाला रिव्ह्यूअर यादी मेल करा, कोणी वेळेत दिलं आणि कोण नुसतं "झालंच समजा" म्हणत राहिलं ते नावासमोर लिहून. ग्रुपवर टाकू नका बाप्पा, मेलच करा.