बैल लंगडायला लागला? या चुका टाळा

बैल लंगडला की घरात पहिला प्रश्न निघतो, "ठेवायचा की काढून टाकायचा?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी कळलं पाहिजे की पाय कोणता आणि दुखतंय कुठं. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करताना आणि आता निवृत्तीनंतर सोलापूर भागातल्या खिल्लार जोड्या बघताना मी तेच ते बघतोय. पाय कुणी उचलत नाही आणि निर्णय पारावर बसून होतो.

पाय न बघता खांद्याला डाग देणे

पुढचा पाय लंगडला की कुणीतरी जाणता सांगतो, "खांद्यात चमक भरलीय, डाग द्या." तापलेल्या सळईने कातडी जाळली जाते आणि खुरातला काटा तिथंच राहतो. लंगडण्याचं मूळ बहुतेक वेळा खुरात असतं. खांदा, गुडघा, कंबर यांचा नंबर नंतर.

माझी पद्धत साधी आहे. बैल कडक जमिनीवर कासऱ्याने हळू चालवायचा आणि समोरून, मागून बघायचा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मागचा पाय असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा, म्हणजे ढुंगणाचा भाग, जास्त उचलला जातो. पाय ठरला की बैल खोड्यात घ्यायचा, नाहीतर मऊ जागेवर पाडायचा आणि खूर ब्रशने घासून स्वच्छ धुवायचा. चिखलाने भरलेला खूर बघून काही कळत नाही. दोन्ही नख्यांच्या मधे बघा, हाताची पालथी बाजू लावून कुठली नखी गरम लागते ते बघा, छोट्या हातोडीने हलकं ठोका. दुखऱ्या जागी बैल पाय ओढून घेतो. खुराला पत्र्या, म्हणजे लोखंडी नाल, मारलेल्या असतील तर एकेक खिळा तपासा. एवढं करायला अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास द्यायची कुणाची तयारी नसते.

सुई मारून जुंपणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एका हंगामातला ऊसवाहतुकीचा बैल सांगतो. नव्या पत्र्या मारल्यानंतर डाव्या पुढच्या पायाने लंगडत होता. मालकाने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली होती, गाडी बंद ठेवणं परवडत नव्हतं. पिशवी घेऊन फिरणाऱ्या एकाकडून त्याने दुखण्याची सुई मारून घेतली. दुसऱ्या दिवशी बैल सरळ चालला. मालक खूश, गाडी भरली, डांबरी रस्त्याने कारखाना गाठला. सुईचा असर उतरला की परत सुई. मला बोलावलं तेव्हा बैल तो पाय टेकतच नव्हता, रवंथ बंद होता आणि खुराच्या वरची कड सुजून टणक झाली होती.

बैल पाडला, पत्री काढली. एक खिळा वाकडा जाऊन जिव्हाळीला, म्हणजे नखीच्या आतल्या जिवंत भागाला, लागला होता. त्या जागी तळव्यावर हरभऱ्याएवढा काळा ठिपका होता. चाकूने तो मोकळा केला तेव्हा काळा, घाण वासाचा पू बाहेर आला. मालक म्हणाला, "आता सुटला ना अण्णा?" सुटला नव्हता. बिनदुखता चालवल्याने सगळा भार त्याच नखीवर पडत राहिला आणि पू वर सांध्यात शिरला. शेवटी पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन ती नखी काढावी लागली. बैल वाचला, पण पुन्हा जुवाखाली गेला नाही. पहिल्याच दिवशी खिळा उपसून पू निघायला वाट दिली असती तर थोड्या विश्रांतीवर तो बैल पुन्हा गाडीला लागला असता.

दुखणं हा बैलाचा पाय वाचवणारा राखणदार आहे. सुई दिली तर कारण सापडल्यावर द्या, आणि त्या काळात बैल बांधूनच ठेवा. आणखी एक. डायक्लोफेनॅक हे दुखण्याचं औषध जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, माणसांची सुईही त्यांना देऊ नका, कारण अशा जनावराचं मढं खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवरही २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम मिळतं, तेच पशुवैद्यकाकडून घ्या.

शिवाय आजारी, जखमी, कामाला नालायक जनावर जुंपणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मला विचाराल तर कायदा नसता तरी ते पापच आहे.

प्रत्येक लंगडणं एकच समजणे

पावसाच्या तोंडावर धष्टपुष्ट गोऱ्हा अचानक लंगडला, अंगात ताप आहे, मांडी सुजलीय आणि दाबल्यावर चरचर वाजतेय, तर तो फऱ्या रोग आहे. संध्याकाळची वाट बघू नका, जनावर एक-दोन दिवसांत दगावतं. लस पावसाळ्याआधी टोचायची असते.

आज हा पाय, उद्या तो पाय, सोबत ताप, तर तिवा हा आजार. दोन-तीन दिवसांत बहुतेक उठतात. नळकांड्याने काढा पाजू नका. तिव्यात गिळता येत नाही आणि काढा फुप्फुसात जातो.

तोंडातून लाळ आणि खुरांत फोड म्हणजे लाळ्या खुरकूत. बैल वेगळा बांधा.

नख्यांच्या मधे सडलं असेल तर धुऊन, पशुवैद्यकाचं औषध आणि कोरडी जागा. शंभर लिटर पाण्यात पाच किलो मोरचूद हे पायधुणीचं प्रमाण. अंदाजाने मुठी टाकू नका. रॉकेल, बॅटरीचं पाणी असलं काही खुरात ओतू नका.

मागचा पाय ओढतो म्हणून बैल काढून टाकणे

बैल उठल्यावर मागचा पाय ताठ मागे राहतो, खुराचं टोक जमिनीवर घासतं आणि मग एकदम झटक्याने पाय पुढे येतो. लोक म्हणतात, "लुळा झाला, विका." हा लुळेपणा नव्हे. गुडघ्याची वाटी वर अडकते. जागा बधिर करून वाटीला धरणारा एक बंध कापायची छोटी शस्त्रक्रिया असते आणि असे बैल पुन्हा औताला चालतात. चांगली जोडी या एका गैरसमजापायी फुटताना बघितली की जीव तुटतो. १९६२ वर फोन करा, फिरतं पथक येतं. मोठं काम असेल तर शिरवळ, परभणी, उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

आता ठेवायचा की नाही

कारण सापडलं, उपचार झाले, पुरेशी विश्रांती झाली, तरी बैल लंगडतोच आहे. इथं आता तो प्रश्न खरा.

बाजारात हेड्याच्या, म्हणजे जनावरांच्या दलालाच्या, रुमालाखाली बोटं दाबून घाईने व्यवहार करू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे आणि कत्तलीसाठी विकणंही त्यात येतं. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. लंगडा बैल घ्यायला आलेला माणूस तो कशाला घेतोय हे विचारायची जबाबदारी तुमची आहे.

पाय किंचित आखडलेला पण दुखत नसेल, तर एकबैली कोळप्याला मऊ रानात थोडा वेळ चालतो. गाडी, नांगर, डांबरी रस्ता कायमचा बंद. शर्यतीचं तर नावच नको. वळू असेल आणि मागचा पाय गेला असेल तर तो उडी घेणार नाही. पायाची ठेवणच जन्मतः वाकडी असेल तर त्याची पैदासही घेऊ नका. मोठा ताप येऊन गेलेल्या वळूला पैदाशीपासून दोन महिने तरी थांबवा.

काम नसलेला बैलही दिवसाला दहा-पंधरा किलो शेण देतो. पण त्याला कडबाही पाच-सात किलो लागतो आणि कोरडवाहू माणसाला दुष्काळात तो जड जातो, हे मी नाकारत नाही. मग गोशाळा किंवा पांजरपोळ. मात्र आधी स्वतः जाऊन बघा: तळ मातीचा आहे का, लंगडी जनावरं वेगळी ठेवतात का, डॉक्टर येतो का. गच्च भरलेल्या जागी गर्दीत लंगड्या बैलाला गव्हाणीपर्यंत पोहोचू देत नाहीत. रात्री फाटकाशी बांधून येणं किंवा हायवेला मोकाट सोडणं हा पर्यायच नाही.

मोठं हाड मोडून बाहेर आलं असेल, बैल उठूच शकत नसेल, तर त्याला ट्रॅक्टरने ओढू नका. जागेवर सावली करा, पाणी द्या आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला तिथंच बोलवा. वेदना थांबवायच्या का, कशा, हे त्याने तपासून ठरवायचं.

घरीच ठेवणार असाल तर फरशीवर बांधू नका. मुरूम टाकून वर पाचट अंथरा, दावं लांब ठेवा म्हणजे त्याला सावकाश बसता-उठता येईल, आणि काम नसल्याने खूर झिजत नाहीत म्हणून ते वेळोवेळी छाटून घ्या.