मुलाच्या डोळ्यात लेझर गेला तर काय करावे

गणेशोत्सवातल्या लेझर बीमवर पुणे पोलिसांनी २०२४ मध्ये बंदी घातली. पण खेळण्यांच्या गाडीवर किल्लीच्या साखळीला लटकणारा लेझर पॉइंटर आजही मुलांच्या दप्तरात सापडतो, आणि डोळ्याचा पडदा (रेटिना) त्यानेही भाजू शकतो.

मुलाने त्यात रोखून पाहिल्याचे किंवा मित्राने तो डोळ्यावर मारल्याचे कळले, तर आधी रागावू नये. ओरडा बसला की कोणत्या डोळ्याने आणि किती वेळ पाहिले हे मूल लपवते, आणि डॉक्टरांना नेमके तेच हवे असते. दुखत नाही म्हणून निश्चिंतही राहू नये. पडद्याला वेदना जाणवत नाहीत, डोळा लाल होईलच असे नाही, आणि एका डोळ्याची नजर कमी झाली तरी दुसरा ती उणीव भरून काढतो, त्यामुळे मुलाला स्वतःलाही पुष्कळदा पत्ता लागत नाही.

घरी भिंतीवरची दिनदर्शिका उपयोगी पडते. ती वाचण्याच्या अंतरावर धरून मुलाचा एक डोळा आपल्या तळहाताने झाकावा (स्वतःच्या बोटांच्या फटीतून मुले हमखास पाहतात), मधल्या एका तारखेवर नजर स्थिर ठेवायला सांगावे आणि विचारावे, “आकडा पुसल्यासारखा दिसतो का? भोवतीच्या रेघा वाकड्या दिसतात का?” मग दुसरा डोळा. उत्तर ‘नाही’ आले तरी डॉक्टरांची तपासणी टाळू नये.

डोळा चोळू देऊ नये, औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालू नयेत. शक्यतो त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे न्यावे. चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी इथे पुरत नाही. खासगी खर्च झेपत नसेल तर पुण्यात सरकारी ससून रुग्णालयात नेत्ररोग विभाग आहे. तपासणीत डॉक्टर बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहतात आणि ओसीटी स्कॅनने त्याचे थर तपासतात. स्कॅन दुखत नाही, हे मुलाला आधीच सांगावे. पॉइंटर सोबत न्यावा, मात्र त्याची शक्ती कमी असल्याचे सांगणाऱ्या ‘५ मिलिवॉटपेक्षा कमी’ अशा लेबलवर विसंबू नये. शिवाय हिरव्या पॉइंटरमधला प्रकाश बहुधा अदृश्य अवरक्त किरणांपासून तयार होतो, आणि स्वस्त मालात ते अडवणारी गाळणी नसेल तर तेही डोळ्यात शिरतात.

ही इजा खात्रीने भरून काढणारे औषध नाही. काही मुलांची नजर काही महिन्यांत आपोआप सुधारते, काहींची कायमची अधू राहते, आणि क्वचित पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या वाढून ती पुढे आणखी बिघडते. म्हणून डॉक्टर थांबवायला सांगेपर्यंत दिनदर्शिकेची चाचणी आठवड्यातून एकदा घेत राहावी, आणि रेघा नव्याने वाकड्या दिसू लागल्या तर फेरतपासणीच्या तारखेपर्यंत न थांबता लगेच जावे.