पंखा का घोंघावत होता?

केडीई प्लाझ्मावाला (लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) माझा जुना लॅपटॉप. जेवायला उठलो तरी पंखा घरघरतोय, हार्ड डिस्कचा दिवा विझायचं नाव नाही. टर्मिनलमध्ये 'टॉप' (कोणता प्रोग्रॅम किती प्रोसेसर खातोय ते दाखवणारी आज्ञा) लावलं, तर सर्वात वर बसलेला 'बालू_फाइल_एक्स्ट्रॅक्टर', तोही नावाची शेवटची अक्षरं तुटलेला. मारला, तर पुन्हा हजर!

बालू म्हणजे प्लाझ्माचा फाइल शोधक. के-रनर (प्लाझ्माची शोधपट्टी) आणि डॉल्फिन (फाइल मॅनेजर) यांमधला शोध झटपट व्हावा म्हणून तो मागच्या मागे सूची बनवत असतो. घोळ माझाच होता. आदल्याच दिवशी जुन्या मासिकांच्या हजारभर पीडीएफ होम फोल्डरमध्ये ओतल्या होत्या. बिचारा एकेकीतला मजकूर वाचत बसला होता. 'बालूसीटीएल स्टेटस' ही बालूची स्थिती सांगणारी आज्ञा दिल्यावर किती फाइली उरल्यात ते दिसलं आणि कपाळाला हात लावला.

'बालूसीटीएल डिसेबल' करून कायमचा बंद करा, असं एका मित्राने सुचवलं. पण शोध मला रोज लागतो. म्हणून सिस्टिम सेटिंग्जमधल्या फाइल सर्चमध्ये तो एक फोल्डर वगळला, शिवाय फक्त नावांची सूची ठेवली, आतल्या मजकुराची नको. मग 'बालूसीटीएल पर्ज' देऊन जुनी सूची पुसली.

नवी सूची चहा होईपर्यंत तयार. आता पंखा फक्त व्हिडिओ कॉलला ओरडतो.