जुना वस्तरा उजळण्याचे साहित्य घेताना या चुका टाळा

आजोबांच्या पेटीत, एखाद्या न्हाव्याच्या जुन्या धोपटीत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात इंग्लंडमधल्या शेफील्डचा अथवा जर्मनीतल्या सोलिंगनचा गंजलेला वस्तरा हाती लागला, की तो उजळण्याचे साहित्य शोधण्याची खटपट सुरू होते. ‘वस्तऱ्याचे पॉलिश’ मागितले, तर आपल्याकडचा दुकानदार बहुधा नुसता चेहरा पाहत राहतो. हे साहित्य मिळते ते मोटारींच्या रंगकामाच्या, साचे घडवणाऱ्यांच्या आणि सोनारांच्या अवजारांच्या दुकानांत. मुंबईची नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्याची बोहरी आळी पालथी घातली, तर त्यातले पुष्कळसे एका फेरीत हाती लागावे. मात्र घासणाऱ्या कणांचा बारीकपणा नंबराने सांगतात, नंबर जितका मोठा तितका कण बारीक. हे नंबर मोजण्याची प्रत्येक धंद्याची रीत वेगळी आहे आणि सर्वांत महागात पडणारी चूक तिथेच होते.

वॉटर पेपरच्या, म्हणजे पाणी लावून घासण्याच्या कागदाच्या मागे नंबराआधी ‘पी’ हे अक्षर छापलेले असेल, तर तो युरोपीय मापाचा समजावा. पी १००० च्या कागदावरचा कण सुमारे १८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तर अमेरिकी मापात नुसत्या ६०० नंबरचा कण सुमारे १६ मायक्रॉनचा, म्हणजे त्याहूनही बारीक. जपानी धारेच्या दगडांचे माप आणखी निराळे आहे. पी २००० चा कागद आणि १००० नंबरचा जपानी दगड यांचे कण जवळपास सारखेच, १० ते १२ मायक्रॉनच्या घरातले असतात. त्यामुळे ‘२००० पर्यंत घासले, आता थेट अर्ध्या मायक्रॉनची पेस्ट लावतो’ असे जो म्हणतो, त्याच्या पात्यावर आरशासारखी चमक येते खरी, पण खिडकीपाशी तिरपे धरताच त्या चमकेखाली केसासारखे ओरखडे दिसू लागतात. हे दिसल्यास पेस्ट वाढवून उपयोग नाही. पी २५०० आणि नंतर ३ व १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट (हिऱ्याच्या बारीक कणांची पेस्ट) या पायऱ्या गाळल्या गेल्या आहेत, हे ओळखावे. साचेवाल्यांकडे ही पेस्ट सिरिंजमध्ये मिळते आणि तिच्यावर मायक्रॉन छापलेले असतात, म्हणून नंबरांपेक्षा मायक्रॉनवर विसंबणे सोयीचे. कागदाच्या प्रत्येक नंबरानंतर घासण्याची दिशा बदलावी. आधीच्या दिशेची एकही रेघ उरली असेल, तर पुढचा कागद हातात घेऊ नये.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. बफिंगच्या सामानाच्या एका दुकानात पॉलिशची हिरवी बट्टी (घट्ट वडी) ‘अर्धा मायक्रॉन’ म्हणून मला देण्यात आली, मी ती वस्तरा परजण्याच्या चामड्याच्या पट्ट्यावर चोळली आणि चांगला लागलेला वस्तरा दुसऱ्या दिवशी गालावर ओढू लागला. स्टीलच्या भांड्यांसाठी बनणाऱ्या हिरव्या बट्टीत क्रोमियम ऑक्साइडबरोबर पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे जाडसर कणही मिसळलेले असतात. हिरवा रंग हा बारीकपणाचा पुरावा नव्हे! तेव्हापासून कोणतीही अनोळखी बट्टी किंवा पेस्ट मी आधी स्टीलच्या गुळगुळीत चमच्याच्या पाठीवर कापसाने वीसेक वेळा घासून भिंगातून पाहतो. चमच्यावर चरे उठले, तर ती बट्टी पात्याच्या पाठीसाठी ठेवावी, धारेपाशी नेऊ नये.

जाड कणांच्या कागदाने सुरुवात करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. वस्तऱ्याची पाठ ही केवळ शोभेची बाजू नाही, कारण धार लावताना दगडावर पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात आणि धारेचा कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाते १६ मिलिमीटर रुंद असेल, तर हा कोन सुमारे १८ अंशांचा होतो. गंज काढताना पाठ अर्धा मिलिमीटर झिजली, तर तो १६ अंशांवर येतो आणि पातळ झालेली धार लवकर तुटू लागते. म्हणून आधी धातूचे पॉलिश आणि कापूस, त्याने न भागल्यास साबणाच्या पाण्यात भिजवलेला ८०० चा कागद, आणि ४०० चा केवळ खोल खड्ड्यांसाठी, असा क्रम ठेवावा. पात्यावर सोन्याचा मुलामा असेल, तर त्यावर पॉलिशही लावू नये. तो अंगठ्याच्या दाबानेही उतरतो.

बफिंगच्या चाकाविषयी माझे मत कडक आहे: नवशिक्याने ते घेऊच नये. सहा इंची चाक मिनिटाला २८०० फेऱ्यांनी फिरते, तेव्हा त्याची कडा ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावत असते, आणि त्यात अडकलेला वस्तरा कुठे उडेल याचा नेम नसतो. शिवाय कागदाइतकी पातळ धार क्षणात तापते. तिच्यावर गवती पिवळी किंवा निळी झाक दिसली, तर पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरले असे समजावे. ती झाक पुसता येते, पण पाणी परत येत नाही. जुन्या सेल्युलॉइडच्या (एका ज्वालाग्राही प्लॅस्टिकच्या) मुठी तर या उष्णतेने पेटूही शकतात.

खरेदीआधी धार भिंगाखाली पाहावी. खड्डे थेट धारेपर्यंत पोहोचले असतील, तर कोणतीही पेस्ट त्यांना बुजवत नाही आणि खर्च वाया जातो. बाकी खर्च फारसा नसतो: प्रत्येक नंबराचा एक कागद आठ तुकडे करून पुरतो आणि डायमंड पेस्ट मुगाच्या दाण्याएवढीच लागते. कागदाचे तुकडे मात्र नंबरवार वेगळ्या पाकिटांत ठेवावेत, आणि नंबर बदलताना पाते, हात व पाण्याचे भांडे धुऊन घ्यावे. ४०० च्या कागदाचा एक सुटा कण २००० च्या तुकड्याखाली आला, तर दोन तासांच्या कामावर आडवी रेघ उमटते.