कारशेडमधलं पहिलं वर्ष: नव्या अप्रेंटिससाठी

शहरी रेल्वेत इंजिनिअरिंग अप्रेंटिस म्हणून लागलात की आधी झोपेचं बघा. दिवसा गाडी प्रवाशांची असते. आपल्या हाती ती लागते रात्री, शेवटची फेरी संपल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत. त्या मोजक्या तासांत रूळ, तारा, सिग्नल आणि गाडीचं पोट, सगळं उरकायचं असतं. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा सलग झोपता येईल अशी सोय करा, खोलीत अंधार ठेवा, घरच्यांना तसं सांगून ठेवा. पेंगुळलेल्या डोळ्यांना बोल्टवरची पांढरी खूण सरकलेली दिसत नाही. बोल्ट ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळल्यावर बोल्ट आणि पत्रा दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या तपासणीच्या खड्ड्यात, शिरल्यावर नजरेने शोधायची पहिली गोष्ट हीच.

दुसरं म्हणजे खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. तेलकट हातांनी फोन वापरता येत नाही, आणि बऱ्याच जागी तो चालतही नाही.

मला सुरुवातीला चाकं मोजायला दिली होती. एका धुऱ्यावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४३५ मिमी गेजला (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) साधारण १३६० मिमी, आणि १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजला १६०० मिमी असतं. मी एकदा मोजलं, आकडा बरोबर आला, लिहायला लागले. शेजारी उभ्या असलेल्या फिटरकाकांनी मोजायचं हत्यार परत माझ्या हातात दिलं. "तीन ठिकाणी मोज. धुरा वाकलेला असेल तर एका जागी कसा कळेल?" चाकाच्या घेराचे तीन सारखे भाग करायचे आणि तिन्ही जागी मोजायचं. तेव्हापासून कुठलाही एकटा आकडा मला पुरत नाही.

चाक नीट बघा. रुळावर टेकणारा त्याचा भाग सपाट नसतो, बाहेरच्या बाजूला किंचित निमुळता होत जातो. गाडी सरळ मार्गावर रुळांच्या मधोमध राहते ती मुख्यतः या निमुळतेपणामुळे. कडेची फ्लँज, म्हणजे चाकाचा उंच काठ, ही पुढची राखण. झिजून मध्ये खळगा पडला की गाडी डुलायला लागते. आणि ब्रेक लागताना चाक अडकून घसटलं, तर त्याला चपटा डाग पडतो. मग ठरावीक ठोक्याने टक-टक ऐकू येतं आणि वेग वाढला की ठोकेही वाढतात. येता-जाता गाडीत बसाल तेव्हा कान उघडे ठेवा. कुठल्या डब्यात ऐकलं ते वहीत लिहा.

विजेच्या कामात घाई करायचीच नाही. पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, खाली आला म्हणजे गाडीतली वीज पूर्ण गेली असं समजू नका. मोटरला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) त्यानंतरही चार्ज धरून असतात. पेटीवर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा, टेस्टर आधी चालू पुरवठ्यावर तपासून घ्या, मग कामाच्या जागी लावा, मग पुन्हा त्या पुरवठ्यावर तपासा. अर्थिंगचा क्लँप आधी जमिनीच्या बाजूला, मग कंडक्टरला, काढताना उलट. हा क्रम झोपेतही चुकू नये इतका घोटा. बंद केलेल्या स्विचला स्वतःचं कुलूप स्वतः लावा आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवा.

हत्यारं मोजा. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात काम संपल्यावर माझ्या संचात १३ नंबरचा पाना नव्हता. विजेच्या पाच पेट्यांची झाकणं लावून झाली होती, गाडी तासाभरात बाहेर पडायची होती. मी सुपरवायझरना जाऊन सांगितलं. त्यांनी गाडी थांबवली, बदली गाडी सोडली, आणि आम्ही पाचही पेट्या परत उघडल्या. चौथ्या पेटीत केबलच्या जुडग्यावर तो निवांत पडला होता, टर्मिनलपासून चार बोटांवर. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पाना हरवला तर त्याच क्षणी सांगा. आधी स्वतः शोधून बघू म्हणत बसू नका.

प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारत जा: हे बिघडलं तर काय होईल? जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या १८७२च्या ब्रेकमध्ये नळीतला हवेचा दाब गेला की ब्रेक लागतो, सुटत नाही. ट्रॅक सर्किट म्हणजे रुळावर गाडी आहे का ते ओळखणारी विजेची जोडणी. त्यात गाडीच्या चाकांनी दोन रूळ जोडले की रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो. वायर तुटली, वीज गेली, तरीही पडतोच, आणि सिग्नल लाल होतो. हे एकदा मनात बसलं की सर्किटचे कागद वाचणं सोपं जातं. मी रोज एक सर्किट न बघता वहीत काढायचे आणि चुकलेली जागा लाल पेन्सिलीने भरायचे.

रुळाच्या विभागात पाठवलं तर कंटाळवाणं समजू नका. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि ४० अंशांनी तापला, तर जवळपास ४६ सेंटीमीटर लांबेल. सलग जोडलेल्या रुळाला लांबायला जागाच नसते, म्हणून तो जोर रुळाच्या आतच कोंडून राहतो. तिथली माणसं कामाला हात लावण्याआधी रुळाचं तापमान का लिहितात, ते यावरून कळेल.

सही फक्त स्वतः बघितलेल्या कामावर करा. वरिष्ठ घाईत असतील, गाडीची वेळ झाली असेल, तरी "मी हे बघितलेलं नाही" एवढंच शांतपणे म्हणा. चांगले वरिष्ठ यावर रागावत नाहीत, स्वतः बॅटरी घेऊन बरोबर खाली उतरतात.

आणि पाळी बदलताना अर्धवट राहिलेलं काम नुसतं रजिस्टरमध्ये लिहून निघून जाऊ नका. पुढच्या माणसाला त्या डब्यापाशी न्या, कुठलं झाकण उघडं आहे, कुठला बोल्ट नुसता हाताने लावलाय, ते बोट ठेवून दाखवा, आणि त्याच्या तोंडून परत वदवून घ्या. मगच आपलं कुलूप काढा.